टिल्लूचं गोल टेबल

सोमवार, ६ मार्च

टिल्लूचं लग्न ठरलं. ही बातमी मला कशी कळली ते लिहून ठेवायलाच हवं. सकाळी फोन वाजला आणि पलीकडून टिल्लू ओरडला, "आत्या, लगेज हरवलं!" मी म्हटलं, "मग मला काय सांगतोस? पोलिसात जा." पलीकडून नुसतं खिदळणं. शेवटी संध्याकाळी स्वतः आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "लग्न ठरलं, आत्या. लग्न!" समोर उभं राहून सांगितलं की कळतंच. हल्लीचे फोनच भिकार. दिसायला आरशासारखे आणि आवाज डबड्यातून आल्यासारखा.

टिल्लू म्हणजे दादाचा मुलगा. आता दारातून वाकून आत येतो, तरी लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटत नाही. दादा-वहिनी दोघंही नोकरीवर आणि माझी पाळी दुपारीच सुटायची, म्हणून शाळा सुटली की तो माझ्याकडे यायचा. मी लग्न केलं नाही, त्यामुळे लाड म्हणून जे काही करायचे ते त्याचेच केले. मुलगी दातांची डॉक्टर आहे. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणते. तिला ते आवडतं असं दिसतं.

दोघं एकमेकांना शोभतात. दोघांनाही माणसांचं वेड. टिल्लूच्या फ्लॅटवर शनिवारी बाजार भरलेला असतो. कुणी खिडकीत, कुणी पायऱ्यांवर, कुणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, ताटल्या मांडीवर आणि सगळे एकाच वेळी बोलतायत. मागे एकदा गेले होते. एका चष्मेवाल्याने मला विचारलं, "तुम्ही विरक्त कधी झालात?" मी म्हटलं, "अजून नाही झाले, पण तुमच्यासारखी माणसं भेटली की वाटतं होऊन जावं." सगळे हसले. नंतर टिल्लूने सांगितलं की तो 'निवृत्त' म्हणाला होता. मग बोलावं ना नीट! मी लवकर निघाले आणि पुन्हा गेले नाही. हल्लीची माणसं तोंडच उघडत नाहीत बोलताना. मला आता माणसांचा कंटाळा येतो, खरं सांगायचं तर.

पण टिल्लूला भेट तर द्यायची. आणि अशी द्यायची की तिच्यावरून माझी आठवण निघाली पाहिजे.

गुरुवार, ९ मार्च

टिल्लूला सरळ फोन करून विचारलं. म्हटलं, "तुम्हा दोघांना काय हवं ते सांग, उगाच घरात अडगळ नको." तो म्हणाला, "काही नको गं आत्या, तू फक्त दे."

तू फक्त दे!

मी फोन ठेवून दिला. हा मुलगा तापाने फणफणला की माझ्या मांडीवर झोपायचा. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. देईन ना. न द्यायला काय झालंय. पण असं तोंडावर?

रविवार, १२ मार्च

दादाकडे सगळे जमलो होतो. वहिनींनी आधीच ठरवून टाकलं होतं: घरच्यांनी मिळून एक मोठी म्युझिक सिस्टिम द्यायची. भिंती हलतील अशी. "एवढे लोक येतात त्यांच्याकडे, गाणी नकोत?" मी म्हटलं, "आधीच तिथे कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, त्यात आणखी हे धूड!" वहिनी म्हणाल्या, "ऐकू येतं हो वन्सं सगळ्यांना." दादा ताटात बघत जेवत राहिला. तो अशा वेळी ताटातच बघतो.

मी जाहीर करून टाकलं, की माझी भेट वेगळी. वहिनींनी विचारलं, काय देणार? मी म्हटलं, "बघालच." आता बघालच म्हणून बसले खरी, पण डोक्यात काडीइतकीसुद्धा कल्पना नाही.

मंगळवार, १४ मार्च

भांड्यांचं मोठं दुकान पालथं घातलं. काचेचे पेले, झाकणांचे वाडगे, पाहुण्यांपुढे फिरवायचे ट्रे. वर कुठूनतरी गाणं चालू. विक्रेता पोरगा माझ्याकडे पाठ करून कपाटाशी बोलत होता. मी दोनदा म्हटलं, "इकडे बघून बोल," तर त्याने तोंड फुगवलं. काहीच न घेता बाहेर पडले. शिवाय पेले देऊन काय होणार? त्यांच्याकडे पेले आहेत. ठेवायला जागा नाही म्हणून लोक ते जमिनीवर ठेवतात आणि मग लाथाडतात.

शुक्रवार, १७ मार्च

आज डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. दाढेचं निमित्त केलं. टिल्लूकडून काही कळत नाही तर तिलाच विचारावं.

खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर तो दिवा. तिने मास्क लावला आणि विचारलं, "कुठली वाट?" मी म्हटलं, "नेहमीचीच, पुलावरून." तिने पुन्हा काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "नाही, बस मिळाली." मग ती थांबली. दिवा बाजूला केला. स्टूल ओढून माझ्यासमोर येऊन बसली आणि मास्क हनुवटीखाली घेतला. "कुठली दाढ दुखते, आत्या?"

मास्क काढला की किती स्वच्छ बोलते ही मुलगी! मी तिला तसं सांगितलंसुद्धा. तिने मान हलवली आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

मग दाढेचं राहिलंच बाजूला. तिने मला कंपनीचं विचारलं. बाटल्या भरण्याच्या लाइनवर मी किती वर्षं होते, कसा आवाज असायचा. मी म्हटलं, आवाज म्हणजे काय, हजारो काचेच्या बाटल्या सरकत्या पट्ट्यावर एकमेकींवर आपटतायत, दिवसभर. घरी गेलं तरी कानात किणकिण. ती म्हणाली, "मग तुम्ही एकमेकींशी बोलायचात कसं? ओठांवरून?" मी म्हटलं, "ओठांवरून कशाला? ऐकू यायचं आम्हाला सगळं. सवय होती."

शेवटी मुद्द्यावर आले. म्हटलं, घरात काय कमी आहे ते खरं सांग. ती आधी म्हणाली, "टिल्लूने सांगितलं ना तुम्हाला? काही नको, तुम्ही फक्त या." म्हणजे त्याने मत बदललेलं दिसतं. बरं वाटलं. मी हट्टच धरला, तेव्हा हळूच म्हणाली, "खरं सांगू का? आमच्याकडे इतके लोक येतात, पण एकत्र कुणी बसतच नाही. इथे चार, तिथे तीन. मी ट्रे घेऊन फिरत असते आणि प्रत्येकाचं अर्धं वाक्य ऐकते. सगळे गेले की टिल्लूला विचारते, आज काय बोलणं झालं? तर त्यालाही माहीत नसतं."

दाढेला काही झालेलं नाही. साफ करून दिली.

शनिवार, १८ मार्च

सापडलं! सकाळी दात घासताना सापडलं, म्हणजे श्रेय अर्धं डॉक्टरीणबाईंचंच.

आमच्या लाइनच्या टोकाला लोखंडाची एक मोठी गोल तबकडी होती. भरलेल्या बाटल्या तिच्यावर येऊन जमायच्या, तबकडी सावकाश फिरायची आणि आम्ही भोवती उभ्या राहून खराब बाटली उचलायचो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या गप्पा त्या तबकडीभोवती झाल्या. घरची भांडणं, पोरांचे निकाल, साहेबांच्या नकला, सगळं. लांबलचक पट्ट्यावर शेजारणीशीसुद्धा धड बोलता यायचं नाही. तबकडीभोवती मात्र प्रत्येकीचा शब्द न् शब्द कळायचा. का ते मला माहीत नाही. गोल आकारात आवाज नीट फिरत असावा.

तर टेबल द्यायचं. गोल. दहा माणसं बसतील असं.

सोमवार, २० मार्च

सुतार गाठला. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. म्हातारा आहे, हात चांगला, जीभ वाईट. म्हणतो, "गोल कशाला? लाकूड वाया जातं. लांब करा, बारा बसतील." मी म्हटलं, "लांब टेबलावर या टोकाचा त्या टोकाच्याशी बोलत नाही." म्हणतो, "जेवायला बसतात की बोलायला?" मी म्हटलं, "बोलायलाच. जेवण निमित्त."

त्याला हे पटलं नाही, पण आवडलं असावं, कारण त्याने पेन्सिल कानावरून काढली. एवढं गोल दारातून जाणार नाही. म्हणून दोन अर्धचंद्र करायचे आणि वर नेऊन खालून बोल्टने जोडायचे. पाय चार नकोत, मधे एकच जाड खांब. म्हणजे कुणाच्या गुडघ्यांच्या मधे टेबलाचा पाय येणार नाही.

घरी येऊन गादीवर पडले आणि हसत राहिले, एकटीच.

रविवार, २६ मार्च

आजचं लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

वहिनींना दादाकडून टेबलाचं कळलं. त्या म्हणाल्या, "त्या खोलीत गोल टेबल मांडलं तर सोफा बाहेर काढावा लागेल." मी म्हटलं, निघू दे. मग त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून अगदी सावकाश म्हणाल्या, "वन्सं, राग मानू नका. तुम्ही चार माणसांत बसत नाही. बसलात तर बोलत नाही. बोललात तर भलतंच बोलता आणि उठून जाता. तुम्ही कसलं माणसांचं टेबल देताय?"

 दादा ताटात बघत होता.

त्यांचं खोटं आहे असं म्हणता येत नाही, हेच तर दुखतं. पूर्वी मी अशी नव्हते. घरात मी बोलायला लागले की वहिनीच म्हणायच्या, थांबा, गॅस बंद करून येते. मग काय झालं? मीच आंबट झाले की लोकच पुटपुटे झाले? माझ्या मते लोक. पण सगळेच लोक?

टेबल नको करूस म्हणून उद्या मिस्त्रीला सांगणार आहे. म्युझिक सिस्टिममध्ये माझा वाटा घालीन आणि गप्प बसेन.

सोमवार, २७ मार्च

सांगायला गेले. पण सांगू शकले नाही, आणि बरं झालं.

आत रंध्याचं मशीन कर्कश चालू होतं. मिस्त्री पलीकडच्या टोकाला. मला दारात बघून त्याने शेजारच्या कारागिराला काहीतरी सांगितलं. मी तिथूनच ओरडले, "लाकूड संपलं म्हणून सांग म्हणे! मग ते कोपऱ्यात काय उभं आहे?"

दोघं पुतळ्यासारखे थांबले. मशीन बंद केलं. मिस्त्री म्हणाला, "बाई, माझ्या शेजारी उभं राहून याला धड ऐकू आलं नाही. तुम्हाला तिकडून कसं आलं?"

"कान शाबूत आहेत माझे," मी म्हटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. वहिनींना कधीतरी ऐकवायचंय. भलतंच बोलता म्हणे!

मिस्त्री ओशाळला. काम मागे पडलं होतं म्हणून थाप मारणार होता. मग त्याने मला आत नेलं. दोन अर्धचंद्र कापून तयार होते, लाकडी घोड्यांवर एकमेकांना लावून ठेवलेले. चहा आला. कारागीर, हमाल, शेजारचा पत्रेवाला, सगळे कप घेऊन त्या कच्च्या लाकडाभोवती उभे राहिले. आणि बोलायला लागले. पत्रेवाल्याने त्याच्या सासूची एक हकिकत सांगितली. मी त्याच्या बरोबर समोर होते. एक शब्द सुटला नाही. इतकी हसले की चहा लाकडावर सांडला.

मिस्त्री म्हणाला, "राहू द्या, पॉलिशमध्ये जाईल. काही सांगायला आला होतात ना?"

मी म्हटलं, "हो. कडा जरा गोलाई देऊन घासा. हातांना टोचता कामा नयेत."

रविवार, ९ एप्रिल

पोचलं! वर गेलं, जोडलं गेलं, उभं राहिलं!

जिन्याच्या वळणावर पहिला अर्धचंद्र अडकला. हमाल म्हणतात उभं करा, मिस्त्री म्हणतो आडवं करा, टिल्लू खालून म्हणतो माझा पाय! मी वरच्या पायरीवर गेले, जिथून सगळ्यांची तोंडं दिसत होती, आणि लाइनवर द्यायचे तशा हातानेच खुणा द्यायला लागले. तू थांब, तू उचल, तू फिरव. एक आवाज नाही. अर्धचंद्र लोण्यातून सुरी जावी तसा वळला. दुसऱ्याला तर वेळच लागला नाही. मिस्त्री म्हणाला, "बाई, माझ्याकडे कामाला या." मी म्हटलं, "तुला परवडणार नाही."

सोफा बाहेर गेला. समोरच्या बिऱ्हाडाने तो आनंदाने नेला. खोलीत आता टेबल आहे आणि टेबलाभोवती फिरण्यापुरती जागा. टिल्लू टेबलाला वळसे घालत राहिला. हात फिरवून बघत होता. मग माझ्यासमोर येऊन म्हणाला, "आत्या, तुला कसं कळलं आम्हाला हेच हवं होतं?" मी म्हटलं, "मी ऐकते सगळं."

डॉक्टरीणबाईंनी मला घट्ट मिठी मारली. मिठीत असताना कानाशी काहीतरी बोलली, ते मात्र कळलं नाही. भावना पोचल्या.

वहिनींची म्युझिक सिस्टिम कालच आली होती. खोक्यातच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती झोपायच्या खोलीत लावू.   मी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही, निदान प्रयत्न केला.

रविवार, १६ एप्रिल

काल टेबलावरचं पहिलं जेवण. दादा, वहिनी, मी, ती दोघं आणि त्यांचे मित्र. तो चष्मेवालासुद्धा होता.

जायच्या आधी दोनदा साडी बदलली. लवकर निघायचं कारण तयार ठेवलं होतं: डोकं दुखतंय.

डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाची जागा ठरवून ठेवली होती. टापटिपीची मुलगी आहे. मला भिंतीकडे पाठ करून बसवलं, दिवा टेबलाच्या बरोबर मधे खाली आणून टांगला होता, आणि गाणी नव्हती. वहिनींनी विचारलं, "सिस्टिम लावली नाही का?" तर ती म्हणाली, "आज आधी माणसं ऐकू या, आई." शिवाय एक नियम काढला, की कुणी बोलत असताना दुसऱ्याने सुरू करायचं नाही, सुरू केलं तर भांडी त्याने घासायची. तरुण मुलांना शिस्त लागते ती अशी.

आणि काय सांगू! किती वर्षांत लोक इतकं स्पष्ट बोलल्याचं मला आठवत नाही. सगळे! चष्मेवाला शिक्षक आहे, आणि त्याच्या वर्गातला एक मुलगा झोपेत पाढे म्हणतो. दादाला बढती नाकारली होती तेव्हा तो तीन दिवस घरी न सांगता बागेत जाऊन बसला होता. हे मला माहीतच नव्हतं! माझा सख्खा भाऊ! वहिनी म्हणाल्या, "अहो, वन्संच्या समोरच तर सांगितलं होतंत तुम्ही, मागे एकदा." मला आठवत नाही.

मग टिल्लू म्हणाला, "आत्या, आता तू." सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. डोकं दुखतंय म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, "आमच्याकडे एकदा नवा साहेब आला होता."

त्या साहेबाने पहिल्याच आठवड्यात बाटल्यांच्या हॉलमध्ये भाषण ठोकलं, मशिनं चालू ठेवून. खोक्यावर उभा राहून बिचारा जीव तोडून बोलतोय आणि कुणाला अक्षर कळत नाही. मी समोरच तबकडीपाशी होते, मला कळत होतं. म्हणत होता, काम मागे पडलंय, येत्या रविवारची सुट्टी रद्द. मी सगळ्या लाइनला खूण केली: टाळ्या! धो धो टाळ्या पडल्या. साहेब गोंधळला. त्याला वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. पुन्हा म्हणाला, सुट्टी रद्द! मी पुन्हा खूण केली. टाळ्या, वर शिट्ट्या. साहेबाचे डोळे भरून आले. म्हणाला, असे कामगार मी जन्मात पाहिले नाहीत, रविवारच काय, शनिवारचीही सुट्टी घ्या! ते ऐकून मीच इतकी थक्क झाले की खूण करायची विसरले. आणि अख्खा हॉल मख्ख. एक टाळी नाही. साहेब खोक्यावरून उतरला तो डोकं खाजवतच.

दादा हसता हसता खुर्चीवरून घसरला. चष्मेवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले. वहिनी पदराने तोंड दाबून हसत होत्या आणि म्हणत होत्या, "वन्सं, हे कधी सांगितलं नाहीत!" चष्मेवाल्याने विचारलं, "पण एवढ्या आवाजात तुम्हाला एकटीलाच कसं ऐकू आलं?" मी म्हटलं, "समोरच होते ना मी त्याच्या." टिल्लू आणि डॉक्टरीणबाईंनी एकमेकांकडे बघितलं. प्रेमात पडलेली माणसं सारखी एकमेकांकडे बघतात.

आणखी तीन गोष्टी सांगायला लावल्या. घरचे सोडले तर सगळ्यात शेवटी निघाले ती मी. दादा मला खालपर्यंत सोडायला आला आणि जिन्यात म्हणाला, "परत आलीस गं." मी म्हटलं, "आत्ता तर निघालेय." त्याने नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवार, १७ एप्रिल

डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून इथे आल्या. एकट्या. माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आत्या, टेबल अप्रतिम आहे. पण परवा जे झालं ते फक्त टेबलामुळे नाही."

मी म्हटलं, मग?

तिने तोंडासमोर हात धरला. डोळ्यांवरून दिसत होतं की बोलते आहे. मी म्हटलं, "हात काढ की. अशाने कसं कळणार?" तिने हात काढला आणि विचारलं, "काय म्हणाले मी?" मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, "मी म्हटलं, तुम्ही मला फार आवडता. आमच्या घरात तुमच्याइतकी कुणाचीच वाट बघत नाही आम्ही."

मला राग आला. खूप. म्हटलं, माझ्या घरात येऊन माझी परीक्षा घेतेस? सत्तावीस वर्षं लाइन सांभाळली मी! ती हलली नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "त्या लाइननेच घेतलेत तुमचे कान, आत्या. थोडे थोडे करून. आणि तुम्ही इतक्या हुशार, की स्वतःलासुद्धा कळू दिलं नाहीत. माझी मैत्रीण कानांची डॉक्टर आहे. चला माझ्याबरोबर."

ती गेली. इतकं चांगलं वाक्य, समोर बसून कुणीतरी म्हणालं, आणि मला ऐकू आलं नाही. हात मधे होता म्हणून. अशी आणखी किती गेली असतील?

फोन उचलून टिल्लूला सांगितलं, "तिला सांग, मी येते. काय म्हणतोस ते मला कळणार नाही, तेव्हा तू काही बोलू नकोस." तो बहुतेक तरीही काहीतरी बोलला.

शुक्रवार, २१ एप्रिल

तपासणी झाली. मैत्रीण कागदावरची रेघ दाखवत होती, घसरगुंडीसारखी खाली गेलेली. म्हणाली, "एवढ्यावर कसं काय निभावलंत?" मी म्हटलं, "तोंडं बघून." पहिल्यांदाच हे मोठ्याने बोलले. बोलल्यावर वाटलं, अरे, केवढी कला आहे ही! कुणी शिकवत नाही अशी.

यंत्रं मिळतील दोन्ही कानांना. आवाज सुरुवातीला पत्र्यासारखा वाटेल म्हणाली. म्हटलं, पत्रा चालेल. काचेची सवय आहे मला.

रविवार, ७ मे

लग्न पुढच्या आठवड्यात, आणि काल त्याआधीची शेवटची मोठी मैफल टिल्लूकडे. या वेळी टेबलाभोवती माणसं तिप्पट. बसलेली, उभी, टेकलेली. नियम वगैरे कधीच उडून गेला होता. वहिनींची म्युझिक सिस्टिमसुद्धा आत बारीक आवाजात चालू होती. चांगली आहे, सांगायला हरकत नाही.

यंत्रं कानांत घालून आता दोन आठवडे झाले. नळाचा आवाज अजूनही भांडायला आल्यासारखा वाटतो. गर्दीत सगळं कळत नाही, काही निसटतं. पण मी काल ठरवून एक गोष्ट केली. भिंतीकडची राखून ठेवलेली खुर्ची डॉक्टरीणबाईंनी ओढून दिली, तर मी म्हटलं, "ती दुसऱ्या कुणाला दे." आणि अख्ख्या खोलीकडे पाठ करून, दाराकडच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

थोड्या वेळाने माझ्या मागे, दाराजवळ, वहिनी दादाला हळूच म्हणाल्या, "अहो, आता वन्संना सगळं ऐकू येतंय. यापुढे जरा जपून बोलायला हवं हं आपल्याला."

मी वळले नाही. ताटातला घास सावकाश संपवला. मग मान न फिरवता म्हटलं, "बोला हो वहिनी, मनमोकळं बोला. इतक्या वर्षांचं ऐकायचं राहिलंय माझं."

पाठीमागे कुणाच्या तरी हातातली ताटली खणकन पडली. ताटलीचा आवाज ऐकला, त्यावर वहिनींचं "अगंबाई!" ऐकलं, आणि मग सगळी खोली जी हसत सुटली, तीही ऐकली. टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.